उपाशीपोटी

धंतोलीत, तिसऱ्या मजल्यावर,
पडद्याच्या अलीकडे माझा कीबोर्ड.
पलीकडून डॉक्टर नंदनवार बोलतात, मी टाइप करते.
पित्ताशय नॉर्मल. प्लीहा नॉर्मल.
दोन्ही मूत्रपिंडं जागच्या जागी.
मग जरा थांबतात,
आणि ते थांबले की मला कळतं.

पूर्वी अख्खं वाक्य लिहायची मी:
यकृत किंचित मोठे, चरबीचे प्रमाण वाढलेले, ग्रेड एक.
एका दिवाळीत कंटाळून
ते वाक्य एका बटणावर बसवलं. एफ चार.
बोट ठेवलं की उमटतं.
कीबोर्डवरची बाकी अक्षरं शाबूत आहेत,
तो चार तेवढा पुसलाय.

लोक सकाळी सातपासून उपाशी बसतात.
खालच्या ठेल्यावरून तर्रीचा वास
जिना चढून वर येतो, नंबर न लावता.
हेडाऊ सावजी स्क्रीनकडे मान वळवून म्हणाले,
"चाळीस वर्षं कलेजी पाहून राह्यलो जी.
बोकडाची अशी आली असती,
तं मी परत पाठवली असती."

गजभिये मॅडम गणित शिकवतात.
"आमच्या घरात दारूचा थेंब नाही,
हे लिहा बरं खाली."
तशी जागा नाही रिपोर्टात.
लांजेवारांची सून, नुसती काडी,
तिच्याही नावाखाली एफ चार.
आणि अकरा वर्षांचा यथार्थ,
ज्याचे गाल ओढत मावशी सांगत होती,
"खात्यापित्या घरचा आहे म्हटलं."
डॉक्टर त्याच्यापाशी जास्त वेळ थांबले.

सगळे विचारतात तेच: "पण दुखत तं काहीच नाही?"

दुखणार कसं.
आपल्या भाषेनं काळीज केव्हाच वर नेलं, छातीत, डावीकडे.
तुटतं ते तिथे, धडधडतं ते तिथे,
लेकरू त्याचाच तुकडा.
खरं काळीज उजवीकडे, बरगड्यांखाली,
ना म्हणीत ना भांडणात,
मिळेल ते ठेवून घेत बसलेलं.
माणसाला चरबी चढली की गावभर बोभाटा होतो.
त्याला चढली, तर त्यालाच ठाऊक.

एका सोमवारी मी वहीच्या मागच्या पानावर रेघा ओढल्या.
सव्वीस पोटं. अकरा रेघा.
मंगळवारी तेरा.
बुधवारी वही बंद ठेवली.

झिरो माइलचा खांब इथून चालत अर्धा तास.
देशाचा मध्य म्हणतात त्याला, बेंबीच म्हणा ना.
परतताना बस तिथून वळते तेव्हा मनात येतं,
इथेच थोडं जेल लावावं, प्रोब टेकवावा,
हळूच वर सरकवत न्यावा,
आणि डॉक्टर थांबतील.

गेल्या शनिवारी नवं मशीन आलं.
कंपनीचा पोरगा म्हणाला, डेमोला कोणीतरी झोपा.
आधी हसत हसत मोरेश्वर वॉर्डबॉय.
मग झाडूवाल्या निर्मलाताई, मग रिसेप्शनची मृण्मयी,
मग पावती फाडणारे निनावे काका.
चौघांत दोन.
शेवटी डॉक्टर स्वतः, चप्पल काढून, शर्ट वर करून.
चित्र फारच स्वच्छ येत होतं.
पोरगा काही बोलला नाही, मशीनची किंमतसुद्धा नाही.
डॉक्टर पडल्या पडल्या बघत राहिले,
नेहमी थांबतात त्याहून थोडं जास्त.
मग टिश्यूनं पोट पुसलं.
माझी बोटं कीबोर्डवरच होती,
पण कोणी काही सांगितलं नाही.

"आता तुमचा नंबर," पोरगा माझ्याकडे वळला.
मी म्हटलं, माझं खाणं झालंय बाप्पा,
उपाशीपोटी लागतं ना.
डब्यातला आलूबोंडा
अजून कागदातच होता.